नाकावरचा वर्ख

ओरथायला एक खोड होती. एखादी गोष्ट अशीच का, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सहाव्या वर्षी तिने घरातला भाताचा कुकर खोलून पाहिला होता. का, तर भात शिजल्याचं त्याला कळतं कसं. त्या दिवशी भात झाला नाही आणि आईने पाठ चांगली शेकून काढली. आता ती छत्तिशीला आली होती, काकांच्या गॅरेजात गाड्यांची इंजिनं खोलून बसायची, आणि पाठ शेकायला आई राहिली नव्हती. बाकी फारसा फरक पडला नव्हता.

गॅरेज माएसोत गावाच्या बाहेर, डोंगराचा चढ सुरू होण्याच्या अलीकडे. फोप फ्राच्या शेतांतली कोबी घेऊन पिकअप गाड्या इथूनच जायच्या. दुपारी भरायची, डोंगर ओलांडायचा आणि मध्यरात्रीच्या आत बँकॉककडचा मोठा भाजीबाजार गाठायचा. कोबी कुणासाठी थांबत नाही आणि व्यापारी तर मुळीच थांबत नाहीत. त्यामुळे या गाड्यांना मूळचं इंजिन पुरतच नाही. इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो, डिझेल सोडणारे मोठे इंजेक्टर, जाडजूड पाइप, असं सगळं अंगावर चढवल्याशिवाय इथली गाडी स्वतःला गाडी म्हणवून घेत नाही.

हे चढवायचं काम ओरथायचे काका करायचे, लुंग चालेम. लुंग म्हणजे काकाच, आणि सारा रस्ता त्यांना तेच म्हणायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि डिझेल किती द्यायचं ते ठरवायचं, ही त्यांची पद्धत. हवा मोजायचं मूळचं सेन्सर मोठ्या टर्बोपुढे अपुरं पडतं, त्याची मोजपट्टी अर्ध्या वाटेतच संपते. मग लुंग ते सरळ तोडून टाकायचे. म्हणायचे, "ज्याला मोजता येत नाही त्याने बोलू नये."

कोबीवाल्या विसुतच्या गाडीचंही त्यांनी असंच केलं होतं. खाली सपाटीवर ती वाऱ्यासारखी पळायची. पण डोंगरावर हवा विरळ होते, आणि डिझेल तेवढंच पडत राहिलं. पावसाळ्याआधी एक दिवस चढाच्या मध्यावर आत भट्टी पेटली नि एक पिस्टन वितळून गेला. कोबी रस्त्याकडेला सडली. नवं इंजिन बसवून होईस्तोवर व्यापाऱ्याने त्याची भरती दुसऱ्याला दिली. आता तो व्यापारी म्हणाला होता, उद्या एक खेप देतो, वेळेत पोचलास तर तुझी जागा तुला परत.

विसुत सत्तावीस वर्षांचा, अंगाने काटकुळा, नि घाई त्याच्या हाडातच होती. त्याचे वडील याच डोंगराच्या उतारावर गेले होते, कोबीची गाडी घेऊनच. आई सायबुआ गॅरेजसमोरच्या टपरीत बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात विकायची. पोरगा गाडी घेऊन निघाला की ती नळ्या भाजायच्या सोडून रस्त्याकडे बघत बसायची, नि भात करपायचा. तिला काय वाटत होतं ते करपलेल्या वासावरून साऱ्या वस्तीला कळत असे.

"पा, तुझा पोरगा डोंगर चढून नीट परत येईल," ओरथाय तिला पा, म्हणजे मावशी, म्हणायची, आणि तिने शब्द दिला होता. "या वेळी कानाने नाही, मोजून करणार आहे."

त्या सकाळी ओरथाय नवी सेन्सरं घेऊन बसली. एक हवेचा दाब सांगणारं, टर्बोच्या पुढच्या पाइपवर बसणारं, ते सोपं होतं. दुसरं हवा किती आत गेली ते सांगणारं, फिल्टर आणि टर्बो यांच्या मधलं. त्याच्यासाठी तिने ॲल्युमिनियमच्या पाइपला भोक पाडलं, त्यावर बैठक वेल्ड केली, आतल्या कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या घासल्या. हवेला आत भोवरे पडले तर सेन्सर गोंधळतं, म्हणून त्याच्या आधी हातभर पाइप सरळ ठेवला.

लुंग बाजूला बसून कॉफी पीत होते. "एवढंसं डबडं आणि त्याची सरबराई बघा. नाकापेक्षा मोती जड."

"लुंग, हेच नाक आहे."

सायबुआ भाताच्या दोन नळ्या घेऊन आली होती. ती पुढे वाकली. "नाक? कसलं नाक?"

झालं, ओरथायला कुणी विचारलं की तिला उकळी फुटायची. तिने सेन्सर हातात धरून दाखवलं. अंगठ्याएवढी काळी दांडी आणि तिच्या टोकाला एक बारीक फट.

"ही नाकपुडी समज. इथून थोडी हवा आत शिरते. आत केसाहून बारीक तार आहे, ती गरम असते. जास्त हवा आली की तार जास्त निवते, कमी आली की कमी. त्यावरून हे ओळखतं की इंजिनाने श्वास किती घेतला. आणि मग तेवढंच डिझेल मिळतं."

"म्हणजे हे जेवढं सांगेल तेवढंच?"

"तेवढंच. हे कमी म्हणालं तर डिझेल कमी. लुंगचं चालत नाही, विसुतच्या पायाचंही चालत नाही."

"पायाचंही नाही?" सायबुआने परत विचारलं.

"कितीही दाबू दे."

सायबुआ बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिली. मग टपरीत जाऊन देवाचं तबक घेऊन आली. गाडीत काही नवं बसलं की गाडीच्या देवीची पूजा करायची, हे इथे कुणी सांगावं लागत नाही. तिने बॉनेटला तीन रंगांची फडकी बांधली, आरशाला मोगऱ्याची माळ घातली, दारावर ओल्या पांढऱ्या पिठीचे ठिपके काढले आणि ठिपक्यांवर सोन्याचा वर्ख चिकटवला. लुंगनी कपबशी खाली ठेवून हात जोडले. ओरथाय तेवढ्यात रबराची रिंग शोधायला आत गेली. बाहेर आली तर सायबुआने सेन्सर दोन्ही हातांवर धरलं होतं, तान्हं मूल दुसऱ्याच्या हाती देतात तसं. ओरथायने ते घेतलं, त्यावरचा बाण हवेच्या दिशेला आहे ना तेवढं बघितलं आणि पाइपात सारून दोन स्क्रू आवळले.

जेवणं झाल्यावर चाचणी होती. गोदामातली नासकी कोबी मागे भरली, विसुत चालवायला बसला आणि ओरथाय मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी.

चढ लागला आणि गाडीच्या नाकी नऊ आले. विसुतने पाय तळापर्यंत दाबला, पण गाडी घाण्याच्या बैलासारखी आपल्याच चालीने चालली. मागून दोन कोबीवाले हॉर्न मारत पुढे गेले. एकाने काच खाली करून विचारलं, "विसुत, आत म्हातारी बसलीय का?"

"फी, हे काय केलंस?" विसुत म्हणाला. थोरली म्हणून तो ओरथायला नेहमी फी म्हणायचा, पण आज त्यात आदर कमी आणि कळवळा जास्त होता. "जुनी जळत होती तरी पळत तर होती."

ओरथायचं लक्ष पडद्यावर होतं. दाबाचं सेन्सर सांगत होतं, पोट भरलंय. हवेचं सेन्सर सांगत होतं, उपाशी आहे. एकाच हवेचे दोन साक्षीदार, आणि दोघांची साक्ष जुळत नव्हती. तिला खरं तर लाज वाटायला हवी होती, शब्द तिने दिला होता. पण तिला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. कोण, आणि का?

रखडत रखडत ते माथ्यावर पोचले. तिथे डोंगराच्या राखणदार देवाचं, चाओफोचं देऊळ आहे. पूर्वी लोक थांबून हार घालायचे म्हणतात. आता कुणाला वेळ आहे, येणारा-जाणारा तीनदा हॉर्न वाजवतो आणि पुढे जातो. देवानेही ते चालवून घेतलंय. विसुतने तीनदा हॉर्न वाजवला आणि गाडी वळवली. तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला. गाडी झाली का, चारच्या आत येऊन भेट, नाहीतर उद्याचं दुसऱ्याला सांगतो.

मग विसुतने उतारावर जे केलं ते ओरथाय जन्मात विसरणार नव्हती. चढावर गेलेला सगळा वेळ त्याला उतारावर हवा होता. वळणं येत होती आणि मागे कोबी एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात होती. तिने एका हाताने लॅपटॉप छातीशी धरला, दुसऱ्याने दाराची मूठ.

"विसुत, हळू."

"उशीर झालाय, फी."

गॅरेजात उतरले तेव्हा चाकांतून जळका वास येत होता. विसुत कुणाची तरी मोटरसायकल घेऊन तसाच पळाला. ओरथाय पाटावर टेकली. समोर टपरीत सायबुआ नळ्या भाजत होती. आज भात करपला नव्हता, हे ओरथायच्या नाकाला जाणवलं, पण डोक्यात शिरलं नाही.

लुंग खुशीत होते. "एका घरात दोन बायका आणल्यास, आता भांडणं ऐक. तोड ते डबडं. मी कान लावतो."

"थांबा हो. घोडं कुठे पेंड खातंय ते तर कळू दे."

पहिला संशय गळतीचा. सेन्सरच्या पुढे कुठे पाइप फुटका असेल, तर हवा चोरवाटेने आत जाणार आणि सेन्सरला पत्ता लागणार नाही. तिने इंजिन चालू ठेवलं, भिंतीवरच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवली आणि प्रत्येक जोडापाशी धरली. चोरवाट असती तर धूर आत ओढला गेला असता.

"देवापुढे दोन मिनिटं उभी राहत नाहीस," लुंग म्हणाले, "आणि टर्बोला उदबत्ती ओवाळतेस."

धूर सरळ वर जात राहिला. म्हणजे गळती नव्हती. दुसरा संशय बाणाचा, पण बाण बरोबर होता. फिल्टर काढून उजेडात धरला, तो नवाकोरा. मग वायर तपासली, मग वायरची टोकं, मग परत बाण. लुंगची चेष्टा थांबली आणि तेही वाकून बघायला लागले. कानाचा माणूस असला तरी शेवटी मेकॅनिक, गूढ समोर दिसल्यावर कुठला गप्प बसतोय.

"बसवलंस तेव्हा चांगलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"टेबलावर तपासून घेतलं होतं."

"मग टेबलापासून पाइपापर्यंत काय झालं?"

ओरथायने दोन स्क्रू सोडवले आणि सेन्सर बाहेर ओढलं. उन्हाकडे वळवलं, तर नाकपुडी चमकली. बारीक फटीवर अर्ध्याहून जास्त भागात पांढऱ्या पिठीचा लेप होता, आणि लेपावर नीट चापून बसवलेला सोन्याचा वर्ख.

लुंग आधी हसले, मग वर्खाला हात जोडले, मग पुन्हा हसले. "दारावर लावलं, तसं यालाही लावलं बिचारीने. पुसून टाक आणि तिला सांगू नकोस. तिच्या पोराच्या गाडीचं तिनेच नाक दाबलं हे कळलं तर म्हातारी आठ दिवस जेवणार नाही."

सोपं होतं ते. पण ओरथायला लेप फार व्यवस्थित वाटत होता. दारावरचे वर्ख घाईत लावलेले, वाकडे, सुरकुतलेले होते. हा फटीच्या कडेला कड जुळवून बसवला होता. शिवाय आज भात का करपला नव्हता? तिला राहवलं नाही. सेन्सर फडक्यात गुंडाळून ती रस्ता ओलांडून टपरीत गेली आणि सायबुआसमोर फडकं उघडलं.

"पा, हे तू लावलंस?"

सायबुआने चिमट्याने एक नळी उलटी केली. "लावलं."

"इथेच का?"

"तूच म्हणालीस ना," सायबुआ शांतपणे म्हणाली. "हे कमी म्हणालं की डिझेल कमी. पायाचंही चालत नाही म्हणालीस. मी नऊ वर्षं त्याला सांगतेय, हळू जा. ऐकत नाही. म्हणून मी या नाकपुडीला सांगितलं. म्हटलं, बाई, थोडी कमी हवा बघ. माझं एवढं ऐक."

ओरथायने आयुष्यात शंभर जणांना सेन्सर समजावलं असेल. इतकं नीट कुणालाच समजलं नव्हतं. तिला हसू येत होतं.

"गाडी हळू गेली ना?" सायबुआने विचारलं. तिच्या आवाजात आशा होती.

"चढावर गेली हळू. लोकांनी हॉर्न मारले."

"मारू देत."

"पा, विसुतचे बाबा कसे गेले?" ओरथायने विचारलं. "चढावर की उतारावर?"

सायबुआचा चिमटा थांबला. "तुला माहीत आहे की. उतारावर. ब्रेक जळले."

"एवढे जोरात का चालले होते? ते तर सावकाश चालवायचे म्हणतात."

"उशीर झाला होता त्यांना. जुनी गाडी, चढावर दमली होती. दोनदा पाणी घालायला थांबले. माथ्यावरून फोन केला, म्हणाले, आता काढतो भरून." सायबुआ बोलता बोलता मंदावली. निखाऱ्यावर नळी तडकली तरी तिने ती उचलली नाही.

ओरथायला पुढचं बोलवत नव्हतं, पण बोलायलाच हवं होतं. "आज विसुतनेही उतारावर भरून काढलं, पा. मी शेजारी बसले होते. चाकांचा वास बघ, अजून जाईल तुझ्या नाकात."

सायबुआ उठली. रस्ता ओलांडून गाडीपाशी गेली, पुढच्या चाकाजवळ वाकली आणि तशीच वाकून राहिली. लुंगनी तोंड फिरवलं आणि हातातलं फडकं उगाचच पिळत बसले. ती उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज कापत नव्हता.

"दे इकडे ते."

तिने बोट ओलं केलं आणि वर्खाची कड अलगद उचलली. पिठीसकट तो निघून आला. देवाला वाहिलेलं सोनं टाकायचं कुठे, म्हणून तो तिने कागदात घडी करून ठेवला. आतली केसाएवढी तार ओरथायने औषधाच्या फवाऱ्याने धुतली आणि वाळू दिली.

"आता ही खरं बोलेल?" सायबुआने विचारलं.

"बोलेल."

"मग चढावर त्याला किती वेळ मिळेल?"

"बराच मिळेल. दहा-पंधरा मिनिटं कुठे गेली नाहीत."

"त्याचं काय करायचं ते मी सांगते," सायबुआ म्हणाली आणि कागदाची घडी ओरथायच्या हातात दिली. "त्यांनीही त्या दिवशी नुसता हॉर्न वाजवला होता, चाओफोला. थांबायला वेळ कुठून आणणार? तू त्याच्याबरोबर जा. हे तिथे लावायला सांग. लावेल तर लावेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी काठोकाठ भरली होती. ओरथाय पुन्हा लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. निघताना लुंगनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बघितला आणि काही न बोलता परत खिशात ठेवला, त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नव्हती.

चढाला गाडी अशी लागली की विसुतच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं हसू आलं. धूर नव्हता. पडद्यावर दोन्ही साक्षीदार हातात हात घालून चालले होते. हवा विरळ होत गेली तसं सेन्सर ती कमी सांगत गेलं, डिझेल तेवढंच कमी होत गेलं आणि आतली आग आटोक्यात राहिली. काल म्हातारी म्हणणाऱ्याला त्यांनी दुसऱ्या वळणावरच मागे टाकलं.

माथा आला. पुढच्या गाड्या देवळापाशी तीन तीन हॉर्न देत पलीकडे उतरत होत्या. विसुतचाही हात हॉर्नकडे गेला.

"वेळ किती आहे आपल्याकडे?" ओरथायने विचारलं.

त्याने घड्याळ बघितलं. "भरपूर. एवढ्या लवकर मी कधी आलोच नाही इथे."

तिने खिशातून घडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "पा सायबुआने दिलंय. काल हे गाडीच्या नाकावर लावलं होतं तिने. तू हळू जावास म्हणून."

विसुतने घडी उघडली. बोटाच्या पेराएवढा वर्ख होता, पिठीने मळलेला. तो आधी हसला. मग त्याला कालचा चढ आठवला असावा आणि लगेच कालचा उतार, कारण हसू मध्येच थांबलं.

"बाबा इथे थांबले होते का, फी?"

"नाही. उशीर झाला होता त्यांना."

त्याने हॉर्नवरचा हात काढला आणि गाडी बाजूला घेतली. मागून येणाऱ्यांनी ओरडून विचारलं, काय रे, पुन्हा बंद पडली का. चप्पल काढून तो पायऱ्या चढला. वर्ख कुठे लावायचा हे त्याला माहीत नव्हतं, लहानपणापासून हजार वेळा इथून जाऊनही तो कधी आत गेला नव्हता. पुजाऱ्याने दाखवलं तिथे त्याने तो अंगठ्याने दाबून बसवला आणि मग बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिला.

ओरथायने इंजिन चालूच ठेवलं होतं. पडद्यावर हवेचा आकडा लहान होता आणि स्थिर होता, दमलेलं माणूस सावलीत बसून श्वास घेतं तसा. तिला सगळं कळलेलं होतं, तरी ती बघत राहिली.

विसुत परत आला, बसला, आणि त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उताराला लावली. पहिल्या वळणावर त्याने फोन तिच्याकडे सरकवला.

"आईला लाव," तो म्हणाला. "सांग, मी हॉर्न नाही वाजवला."